जुन्या जीपला नवं इंजिन: लोखंड आलं, डोकं कुठंय?

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटापुढे कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. शेळ्या, शिलाई मशीन, मुलांची फी हे आम्हाला नेहमीचं. या वेळी एका काकूंनी दीड लाख मागितले, घरच्या जुन्या जीपला नवीन पद्धतीचं डिझेल इंजिन बसवायला. जीप त्यांच्या सासऱ्यांनी 1974 साली घेतलेली. मुळात पेट्रोलची, पुढे तिच्यात साधं डिझेल इंजिन बसवलं, तशी नोंद आरसी बुकात आहे. गटाचा मसाला आणि पापड आठवडी बाजाराला तीच नेते. म्हणजे जीप बसली की आम्ही सगळ्याच बसलो. त्यामुळे नाही म्हणणं जड, आणि न समजता हो म्हणणं त्याहून जड.

त्यात काकूंनी 20 हजार इसार देऊन भंगारवाल्याकडून इंजिन आणूनही ठेवलेलं! इंजिन बरं होतं, पण त्याच्या सगळ्या वायरी पक्कडीने कापलेल्या. मिस्त्रीदादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "ताई, लोखंड आणलंत, डोकं तिकडंच राहिलं." मग आम्ही तिघी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसलो आणि समजेपर्यंत विचारत राहिलो.

जुन्या डिझेल इंजिनात पंप इंजिनाच्याच जोरावर फिरतो. पाय दाबला की तार ओढली जाते आणि डिझेल वाढतं. दोरी ओढून बंद करायचं इंजिन असेल, तर एकदा सुरू झाल्यावर बॅटरी काढून नेली तरी ते चालत राहतं. नव्या इंजिनाला कॉमन रेल म्हणतात. त्यात एका जाड नळीत डिझेल दाबाने भरून ठेवलेलं असतं. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण 2 बार असतो, इथे तो 1600 बारच्या घरात जातो. त्या नळीतून कुठल्या सिलिंडरला, कोणत्या क्षणी, किती डिझेल सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. पेडलला तारच नसते. पाय किती दाबला हेही वायरीतून त्यालाच कळतं. इंजिन किती फिरतंय, पाणी किती तापलंय, हवा किती आत आली, हे सेन्सर त्याला सांगत राहतात.

ईसीयूच्या आत काय असतं? आपल्या गटाच्या वहीसारखे तक्ते. उभ्या रकान्यात इंजिनाचे फेरे, आडव्यात पाय किती दाबला. दोन्ही मिळतात त्या चौकटीत एक आकडा: इतकं डिझेल सोड. असे कितीतरी तक्ते. रिप्रोग्रॅमिंग म्हणजे ही वही कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, त्यातले आकडे दुरुस्त करायचे आणि परत लिहायची. जादू काही नाही.

पण जुन्या जीपसाठी ते करावंच का लागतं, हा आमचा पुढचा प्रश्न. कारण ईसीयूला वाटतं, आपण अजून जुन्याच गाडीत आहोत. तो त्या गाडीच्या किल्लीतली चिप शोधतो, चाकाच्या वेगाची खबर शोधतो, एसीचं बटण शोधतो. किल्ली ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. बाकीचं सापडलं नाही तर काही वेळा इंजिन सुरू होतं, पण रांगतं. हे शोधणं जाणकाराने फाईलमध्ये बंद करावं लागतं. लिहिताना बॅटरी उतरली तर ईसीयूच निकामी होऊ शकतो, म्हणून चार्जर लावून बसतात. आणि मूळ फाईलची प्रत आपल्याकडे मागून घ्यायचीच. आपण पासबुकाची झेरॉक्स ठेवतो तशी.

अजून एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. सगळे जण प्रोग्रॅमिंग करून ताकद वाढवायला सांगतात. जुन्या गाडीत मात्र ती कमी करून घ्यावी लागते! गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक सगळं पन्नास वर्षांपूर्वीच्या ताकदीच्या हिशेबाने केलेलं. टाकीचंही तसंच. जुनी टाकी आतून गंजलेली असते. तो गंज साध्या पंपाने थोडाफार सोसला असता, नव्या इंजेक्टरची त्याने वाट लागते. टाकी आणि फिल्टर बदलायचे पैसे काकूंच्या अंदाजपत्रकात नव्हतेच.

धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून विषारी वायू कमी करणारा ईजीआर नावाचा भाग बंद करून देतो, असं काही प्रोग्रॅमवाले सांगतात. त्याला आम्ही साफ नकार द्यायचं ठरवलं. ते वायू बाजारात आपल्याच मुलांच्या नाकात जाणार.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी, आणि वेगळ्याच जातीचं इंजिन असेल तर नकाराची तयारी ठेवावी. परवानगीशिवाय केलं तर प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विम्याचं भांडण वेगळंच. इंजिनाची पावती नसेल तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे कशावरून सांगणार?

काकूंचा पुतण्या म्हणाला, गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा, किंमत येईल. 2021 च्या नियमांत ती सोय आहे खरी, पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी, इंजिनसुद्धा. नोंदणी 20 हजारांची. आणि अशा गाडीतून रोजचा माल वाहता येत नाही. आम्हाला काय उपयोग?

आमचं मत विचाराल तर जुनंच इंजिन बोअर करून, रिंग-पिस्टन टाकून घ्यावं. घरच्या अंगणात दुरुस्त होणारी वस्तू आहे ती. काकूंना ते पटलेलं नाही. नव्या इंजिनाला डिझेल कमी लागतं, ही त्यांची बाजू खोटी नाही. शेवटी गटाने ठरवलं, आरटीओचं उत्तर लेखी आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. भंगारवाला इसार परत देत नाही, पण त्याच गाडीचा ईसीयू, किल्ली, पेडल आणि न कापलेलं वायरिंग पावतीसह शोधून देतो म्हणालाय. अर्ज सोमवारी टाकला. तोवर पापड भाड्याच्या टेम्पोने जाताहेत आणि टेम्पोचं भाडं गटाच्या वहीत काकूंच्या नावे नाही, सगळ्यांच्या नावे लिहितोय.