नव्वदीतही वाढते ताकद

बोस्टनच्या एका शुश्रूषागृहातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम दिला गेला. सरासरी वय ९०! १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, मांडीच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र ९ टक्क्यांनीच.

एवढी तफावत का? सुरुवातीची बरीचशी कमाई चेतासंस्थेची असते. एका वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला ती शिकते.

स्त्रिया मागे पडतात का? २००५ सालच्या अमेरिकी अभ्यासात १८ ते ४० वयाच्या ५८५ जणांनी बारा आठवडे एका हाताचा व्यायाम केला. दंडाचा स्नायू पुरुषांत सुमारे २० टक्के वाढला, स्त्रियांत १८. उचललेले वजन मात्र पुरुषांत ४० टक्क्यांनी आणि स्त्रियांत ६४ टक्क्यांनी वाढले. पुरुषांची मूळ ताकद जास्त असल्याने किलोंमधली वाढ त्यांचीच मोठी दिसते.

व्यक्तीव्यक्तींतला फरक याहून मोठा होता. कुणाचा स्नायू तसूभरही वाढला नाही, तर कुणाचा निम्म्याहून अधिक.

वयाचा परिणाम मात्र होतोच: वयानुसार प्रथिनांना मिळणारा स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. वेगाने आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात आणि तोल सावरताना नेमके तेच लागतात.