मानेतील गादी बदलल्यावर नेमके काय बरे होते?

गेल्या वर्षी वैशाखात मुरबाड तालुक्यातील एका खेड्यातून चाळिशी उलटलेल्या एक बाई पतीसह दवाखान्यात आल्या. पती एमआयडीसीतील कारखान्यात कामाला. हातात कल्याणहून काढून आणलेला एमआरआय होता आणि मानेतील खराब गादी काढून कृत्रिम गादी बसविण्याचा तज्ज्ञांचा सल्ला होता. उजव्या खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत ठणका, बोटाला मुंग्या, आणि मान तर वर्षानुवर्षे दुखत आलेली. तीन महिने औषधे व व्यायाम करूनही रात्रीची झोप नव्हती. त्यांचा प्रश्न एकच होता, "डॉक्टर, ऑपरेशन केल्यावर मी पहिल्यासारखी होईन ना? आवणीला उतरता येईल ना?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण 'मानेचा त्रास' हा एक त्रास नसतो. त्यात तीन-चार निरनिराळी लक्षणे असतात आणि शस्त्रक्रियेने प्रत्येकाला मिळणारा आराम वेगवेगळा असतो.

आपल्या मानेत सात मणके असतात. दुसऱ्या मणक्यापासून खाली दर दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक गादी असते. वयाबरोबर ती सर्वांचीच झिजते. डोक्यावरच्या ओझ्याने तिच्यावरील ताण वाढतो. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात आजही बायांच्या डोक्यावर हंडे असतात, हे येथे विसरून चालणार नाही. झिजलेली गादी मागे सरकली, तर हाताकडे जाणारी नस दबते. सहावी नस दबली तर अंगठ्यात, सातवी दबली तर मधल्या बोटात मुंग्या येतात. मात्र अशा बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाच आराम पडतो. हे आधी लक्षात ठेवावे.

ज्यांना आराम पडत नाही, त्यांच्यासाठी गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन खराब गादी काढतात व नस मोकळी करतात. त्यानंतर दोन मार्ग असतात. पहिला, दोन्ही मणके एकमेकांना कायमचे सांधणे. ही पद्धत १९५०च्या दशकापासून रूढ आहे. दुसरा, हालचाल करू शकणारी कृत्रिम गादी बसविणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेच्या अशा गादीला प्रथम २००७ मध्ये मान्यता दिली. हाताची वेदना जाते ती मुख्यतः नस मोकळी झाल्यामुळे, आणि ते काम दोन्ही पद्धतींत होते. कृत्रिम गादीचा विशेष लाभ म्हणजे मानेची त्या जागची हालचाल टिकते आणि शेजारच्या गाद्यांवर येणारा ताण कमी राहावा, अशी अपेक्षा असते.

आता लक्षणांकडे वळू. हातात उतरणारा ठणका हे या शस्त्रक्रियेला सर्वांत चांगला प्रतिसाद देणारे लक्षण. पुष्कळ रुग्णांना तो भूल उतरल्यावर किंवा पहिल्या काही आठवड्यांतच कमी झालेला जाणवतो. मुंग्या व बधिरपणा यांना अधिक वेळ लागतो. इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो साधारणतः दिवसाला एक मिलिमीटर. मानेपासून बोटापर्यंतचे अंतर पाहता महिने का लागतात, हे समजेल. एखाद्या बोटाचे टोक कायमचे बधिर राहूही शकते. हाताची गेलेली ताकद व्यायामाच्या मदतीने हळूहळू परतते, त्याला कधी वर्षही लागते. नस जितका अधिक काळ दबलेली, तितकी ही भरपाई अपुरी.

खुद्द मानदुखीचे मात्र खात्रीने सांगता येत नाही. अनेकांची ती कमी होते. परंतु स्नायू, मणक्यांचे मागचे सांधे, इतर गाद्या अशी तिची अनेक कारणे असतात आणि एक गादी बदलून ती सारी दूर होत नाहीत. केवळ चक्कर येते म्हणून तर ही शस्त्रक्रिया करून घेऊच नये. चक्करेचे मूळ बहुधा अन्यत्र असते.

सुरुवातीचे काही दिवस वा आठवडे गिळताना दुखणे, आवाज घोगरा होणे, पाठीच्या वरच्या भागात अवघडणे हे त्रास होऊ शकतात. गळा सुजून श्वास कोंडू लागला, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

येथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शहापूरचे एक गृहस्थ मान दुखते म्हणून माझ्याकडे येत. मी त्यांना गोळ्या आणि गळपट्टा देत राहिलो. सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, हे त्यांनी एकदा सहज सांगितले होते. मी ते वयावर ढकलले. वस्तुतः त्यांचा मज्जारज्जूच दाबला जात होता. पुढे मुंबईत त्यांचे मणके सांधण्याची शस्त्रक्रिया झाली, पण बोटांचे कौशल्य परतले नाही आणि हाती काठी आली ती आलीच. घरचे म्हणत, ऑपरेशन फसले. ते फसले नव्हते. मज्जारज्जू दबल्यावर शस्त्रक्रियेचा पहिला हेतू बिघाड थांबविणे हाच असतो, आणि तो साधला होता. उशीर झाला होता, तो माझ्याकडून. म्हणून बटणे न लागणे, तोल जाणे, हातापायांत वाढती अशक्तता, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले, तर 'आवणी उरकू दे, मग बघू' असे म्हणू नये.

हाडे ठिसूळ झालेल्यांना, मानेचे मागचे सांधे फार झिजलेल्यांना किंवा मणके अस्थिर असणाऱ्यांना कृत्रिम गादी चालत नाही. त्यांना सांधण्याची पद्धत अधिक योग्य ठरते. म्हणून शल्यचिकित्सकांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या लक्षणांपैकी कोणते जाईल आणि कोणते राहू शकेल? माझ्यासाठी सांधणे योग्य की गादी बदलणे, आणि का? आणखी थोडे थांबलो तर धोका आहे काय? महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल, तर कृत्रिम गादीचा खर्च तीत धरला जातो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे.

त्या बाईंना मी म्हणालो, "ताई, हाताचा ठणका बहुधा जाईल. बोटाला वेळ लागेल. मानेचे वचन मी देत नाही. आणि डोक्यावर हंडा आता नको." पती म्हणाले, "मग पाणी?" उत्तर त्यांचे त्यांनाच सुचले असावे, कारण पुढे ते काही बोलले नाहीत.

शस्त्रक्रियेला आता वर्ष झाले. यंदा आवणीला त्या अर्धा दिवस शेतात उतरल्या. भारा मात्र डोक्यावर घेतला नाही. मधल्या बोटाचे टोक अजून बधिर आहे, मान अधूनमधून धरते, आणि पाण्याचे कॅन मोटरसायकलवरून मुलगा आणतो. परवा म्हणाल्या, "पहिल्यासारखी नाही झाले, डॉक्टर. पण झोप लागते." शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही जे बोललो होतो, ते एवढेच होते.