टेंगूळ: बाहेरचे आणि आतले

मधल्या सुट्टीत दोन मुले धावताना एकमेकांवर आदळतात आणि पाच मिनिटांत एकाच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ दिसू लागते. पोटरीला तेवढाच मार लागला तर असा उंचवटा सहसा येत नाही. मग डोक्यालाच का?

डोक्याच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि तिच्याखाली लगेच कवटीचे कठीण हाड. मार बसला की बारीक रक्तवाहिन्या त्वचा आणि हाड यांच्यामध्ये चिरडतात व रक्त झिरपू लागते. पोटरीत ते मांसल भागात पसरते. इथे खाली हाड असल्याने त्वचाच वर उचलली जाते.

उपायही यातूनच सुचतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी १० ते १५ मिनिटे हलकेच धरावी. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि झिरपणे कमी होते. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. टेंगूळ चोळून 'जिरवण्याची' पद्धत घरोघरी आहे, पण चोळल्याने रक्त अधिकच झिरपते. पहिले दोन दिवस गरम शेकही नको. त्वचा फुटली असेल तर स्वच्छ कापडाने दाब द्यावा. जखमेत हळद किंवा चहाची पूड भरू नये. आणि शिंगे येतील म्हणून पुन्हा डोके आपटणाऱ्या मुलांना वेळीच आवरावे!

खरा प्रश्न मात्र कवटीच्या आतला आहे. झाकणाच्या डब्यात कच्चे अंडे ठेवून हलवा. ते लगेच फुटेल. दुसरे अंडे पाण्याने काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवून तेवढेच हलवा. ते बहुधा टिकेल. आपला मेंदूही असाच द्रवात तरंगतो. पण धक्का जोराचा असेल तर द्रवाचे संरक्षण अपुरे पडते.

कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ती फाटली तर रक्त कवटी व मेंदूचे आवरण यांच्यात साठते. कवटी ताणत नाही, म्हणून दाब मेंदूवर येतो. याला काही तास लागू शकतात. तोवर माणूस चांगला बोलत-चालत असतो. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना पडल्या. सुरुवातीला त्यांना काहीच झाले नाही असे वाटले. दोन दिवसांनी अशाच रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला.

म्हणून टेंगळाचा आकार नव्हे, तर मुलाचे वागणे पाहावे. क्षणभरही शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात किंवा चालण्यात गडबड, झटके, बाहुल्यांचा आकार कमी-जास्त दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. वर्षाच्या आतील बाळ आणि रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे वृद्ध यांना लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे. दुखण्यावर ॲस्पिरिन देऊ नये.

मार लागल्यावर झोपूच द्यायचे नाही, हा समजही बरोबर नाही. मूल नेहमीसारखे वागत असेल तर झोपू द्यावे. मात्र ते सहज जागे होते ना, हे अधूनमधून पाहावे.

शाळेत मार लागला तर त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानावर पाठवू नये. मार कधी आणि कुठे लागला, त्यानंतर काय दिसले, याची चिठ्ठी त्याच्याबरोबर घरी जरूर द्यावी. रात्री लक्षणे दिसली तर पालकांना आणि डॉक्टरांना ती चिठ्ठीच उपयोगी पडेल.