न दिसणाऱ्या आगीचा धूर

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५. बोर्निओ बेटावरच्या पालांकाराया या इंडोनेशियातील शहरात दिवसाढवळ्या आकाश पिवळे पडले होते. प्रदूषणाचा जो निर्देशांक ३०० च्या वर गेला की हवा घातक समजतात, तो तिथे दोन हजारांच्या घरात पोचला.

जंगलापेक्षा जमीनच जास्त जळत होती. हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेल्या पालापाचोळ्याचा हा थर, म्हणजे ‘पीट’. ओला असेपर्यंत तो सहसा पेटत नाही. पण १९९६ मध्ये सुहार्तो सरकारने भातशेतीसाठी इथल्या सुमारे दहा लाख हेक्टरांत हजारो किलोमीटर कालवे खणायला घेतले. भात पिकला नाही, पाणी मात्र वाहून गेले. आता एल निनोच्या कोरड्या वर्षी रान साफ करायला लावलेली एक काडी पुरते.

ही आग भडकत नाही. ओली गोवरी धुमसावी तशी आठवडेच्या आठवडे धुमसते. त्यामुळेच कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण भरपूर निघतात. उपग्रह उष्णता टिपतात, पण जमिनीखालच्या मंद आगी त्यांना सहज चुकतात, त्यात वर धुराचे आणि ढगांचे झाकण. म्हणून हिशेब करावा लागतो: किती क्षेत्र जळले, किती खोल जळले, आणि किलोमागे किती कण निघाले.

खरी अडचण खोलीची. एक हेक्टर ३३ सेंटीमीटर जळले, तर साधारण ३३० टन पीट जाते. किलोमागे १७ ग्रॅम धरले तर साडेपाच टन सूक्ष्म कण हवेत जातात. खोलीचा अंदाज निम्मा चुकला, की उत्तरही निम्मे!

या अनिश्चिततेवर माणसांचा हिशेब उभा आहे. सरकारी नोंदीत मृत्यू वीसच्या आसपास. हार्वर्ड व कोलंबिया विद्यापीठांच्या २०१६ मधील अभ्यासाचा अंदाज मात्र इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूर मिळून एक लाखाच्या वर. त्याची मर्यादा २६ हजार ते १ लाख ७४ हजार. अल्पकाळच्या धुराचाच विचार करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासाने सुमारे १२ हजार मृत्यू मांडले. इंडोनेशियाने मोठा आकडा फेटाळला. पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूर’ असे कारण कोण लिहितो? तिथे हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया असेच लिहिले जाते. त्यामुळे वीस हा आकडा तर नक्कीच खरा नाही.

लोकांच्या तोंडावर तेव्हा बहुतेक साधे पातळ मास्क होते. सूक्ष्म कण त्यांच्या कडांमधून आत शिरतात, आणि कार्बन मोनॉक्साइड तर एन-९५ मास्कलाही अडत नाही.

२०१६ च्या जानेवारीत इंडोनेशियाने पीटभूमी पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली. कालव्यांवर बांध घातले जाऊ लागले. जमिनीत नळी पुरून पाण्याची पातळी पाहतात. ती ४० सेंटीमीटरपेक्षा खाली गेली, की नियमानुसार ती जमीन बिघडलेली धरली जाते.