पस्तिशीत पुन्हा परीक्षा!

नोकरी, घर सांभाळून एमए करायचंय? मग आधी थोडं गणित करू या.

कुणाचं प्रमोशन अडलेलं असतं, कुणाला राहून गेलेलं एमए आता करायचंच असतं. कारण काहीही असो, पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी व्हायला हरकत नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्टच केलंय. त्यामुळे फॉर्म उत्साहात भरला जातो. गाडी अडते ती नंतर. आणि मग वाटायला लागतं, वय झालं, आता डोक्यात शिरत नाही!

डोकं शाबूत असतं हो, चुकतो तो हिशेब. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. म्हणजे ८० क्रेडिट्सच्या एमएसाठी २,४०० तास. दोन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला २३ तास! नऊ ते सहाचं ऑफिस आणि वर लोकलचे धक्के. यात ते जमलं नाही, म्हणून कुणी ‘ढ’ ठरत नाही. हेच एमए चार वर्षांपर्यंत लांबवता येतं. मग आठवड्याला साडेअकरा तास पुरतात. सोमवार ते शनिवार रोज दीड तास आणि रविवारी अडीच. आता जमेल ना?

मग एवढं करा :

पुस्तक फोनमध्ये : इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर मोफत मिळतात. प्रवासात दहा पानं सहज होतात.

असाइनमेंट आधी : इग्नूच्या बहुतेक एमएंमध्ये तिला ३० टक्के वेटेज असतं. शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

पेन हातात घ्या : वर्षानुवर्षं की-बोर्ड बडवल्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहायची म्हणजे हात भरून येतो. आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहा.

एकटं पडू नका : वर्ग नसला की मित्रही नसतात. स्टडी सेंटरच्या तासांना जा, तिथे दोन-तीन जण गाठा. महिन्यातून एकदा चहावर भेटा, एकमेकांच्या शंका सोडवा.

सुट्टी आधीच सांगून ठेवा : सत्रांत परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये असतात. बॉसला आणि घरच्यांना तारखा वेळेत कळू द्या.

आणि हो, तुमच्या शेजारच्या डेस्कवरचं कुणी असं शिकत असेल, तर ‘या वयात?’ असं विचारू नका. परीक्षेच्या दिवशी त्याचं थोडं काम तुम्ही घ्या!