न घडलेल्याचं व्याकरण

स्पॅनिशमध्ये कल्पनेतलं काही बोलायचं असेल, तर आधी घडून गेलेल्या गोष्टीकडे जावं लागतं. बोलणे म्हणजे 'आब्लार'. 'ते बोलले' म्हणजे 'आब्लारोन'. त्यातलं 'रोन' काढून 'रा' जोडलं की झालं 'आब्लारा', आणि वस्तुस्थिती तिथेच संपते. 'तो आत्ता बोलता, तर किती बरं झालं असतं' यातलं ते 'बोलता'!

जेवणे: 'कोमिएरोन', 'कोमिएरा'. राहणे: 'बिबिएरोन', 'बिबिएरा'. 'तू'साठी पुढे 'स', 'ते'साठी 'न', 'आम्ही'साठी 'मोस'. स्पॅनिशमधली भलतीच हट्टी, अनियमित क्रियापदंही इथे निमूटपणे हाच नियम पाळतात. एकही अपवाद नाही, आणि हे मला फार विलक्षण वाटतं.

'जणू काही' म्हणायचं असेल, तर 'कोमो सि'नंतर हेच रूप हवं. 'तू बोलावंस अशी माझी इच्छा होती' यातल्या 'बोलावंस'लाही हेच: 'आब्लारास'. आणि उच्चाराकडे कान द्या. 'आब्लारा'मध्ये जोर 'ब्ला'वर. तोच जोर शेवटच्या 'रा'वर सरकला की अर्थ होतो 'तो बोलेल'. कल्पना आणि भविष्य यांच्यात अंतर फक्त एका आघाताचं.

पण खरी नवलाई या 'रा'च्या पूर्वायुष्यात आहे. लॅटिनमध्ये 'आमावेरात' म्हणजे 'त्याने प्रेम केलं होतं'. निखळ भूतकाळ, त्यात 'जर-तर'ला जागाच नाही. 'एल सिद' या वीरावरच्या मध्ययुगीन स्पॅनिश महाकाव्यातही 'रा' बहुतेकदा हाच जुना अर्थ सांगतो. मग शतकानुशतकं हे रूप 'जर-तर'च्या वाक्यांत वावरत राहिलं आणि 'झालं होतं'चं 'झालं असतं' होत गेलं. जुना अर्थ मात्र पुरता मेला नाही. आजही स्पॅनिश वृत्तपत्रं माजी अध्यक्षाबद्दल लिहिताना 'जो अध्यक्ष होता' यासाठी 'फुएरा' वापरतात. एकच शब्द, एका वाक्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात स्वप्न.

गोव्यात साडेचारशे वर्षं नांदलेल्या पोर्तुगीजने हा प्रवास पुरा केला नाही. तिच्या लिखित भाषेत 'फालारा' म्हणजे अजूनही 'तो बोलला होता'. कल्पनेसाठी तिने लॅटिनमधलंच दुसरं रूप राखलं, 'फालास'. त्याचं भावंड स्पॅनिशमध्येही आहे: 'आब्लासे'. कल्पनेचा वारसा खरा त्याचाच, कारण लॅटिनमध्येही ते संकेतार्थीच होतं. तरी लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात आज 'रा'चंच राज्य आहे.