दाखल्यावरचे वय आणि हाडांचे वय

तैवानच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर कोणा राजाचे वा राष्ट्रपित्याचे चित्र नाही. बेसबॉलचा सामना जिंकून जल्लोष करणारी शाळकरी पोरे आहेत. ही नोट २००० साली चलनात आली. चित्रातली मुले ताईतुंग जिल्ह्यातल्या नानवांग प्राथमिक शाळेची. पण तिथल्या कित्येक सामान्य माणसांना ती होंग्ये गावाची वाटतात. हा घोटाळा का होतो, हे शोधता शोधता मी ज्या प्रश्नापाशी पोचलो तो आपल्या वऱ्हाडातलाच निघाला. मुलाचे वय ठरवायचे कोणी, आणि कशावरून?

बेसबॉल हा आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा खेळ नव्हे, हे मी जाणतो. आमच्याकडे तो शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलच्या शेजारी असतो आणि पालकांना ठाऊक असतो तो मुख्यतः दहावीच्या वाढीव गुणांमुळे. (बर्लिन ऑलिम्पिकमध्ये १२ ऑगस्ट १९३६ रोजी अमेरिकेच्या दोन संघांनी बेसबॉलचा प्रदर्शनीय सामना खेळला. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी आपले देशी खेळ दाखवले होते. दोघांची एकमेकांशी गाठ पडली की नाही, कोण जाणे.) जगात मात्र कुमारवयीन मुलांच्या बेसबॉलचा पसारा मोठा आहे. अमेरिकेत विल्यम्सपोर्ट या लहान गावी १९३९ साली लिटल लीग सुरू झाली आणि १९४७ पासून तिची वार्षिक स्पर्धा भरते. तिथे बारा वर्षांच्या आसपासची मुले खेळतात. त्याहून मोठ्यांसाठी पंधरा आणि अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा आहेत. अठरा वर्षांखालील स्पर्धा १९८१ पासूनची. २०२३ साली ती तैवानमध्ये झाली आणि जपानने अंतिम सामन्यात यजमानांना २-१ ने हरवून पहिल्यांदा ती जिंकली. शाळकरी बेसबॉलवर जीव टाकणाऱ्या जपानला इतकी वर्षे थांबावे लागले, हे नवलच.

आता होंग्ये. पूर्व तैवानच्या डोंगरातले बुनुन आदिवासींचे हे गाव. १९६०च्या दशकात तिथल्या प्राथमिक शाळेत बेसबॉलचा संघ तयार झाला. बांबूच्या दांड्याने दगड टोलवून सराव केल्याच्या कथा तैवानात आजही सांगतात. २५ ऑगस्ट १९६८ रोजी या पोरांनी तैपेईत जपानहून आलेल्या संघाला ७-० ने हरवले आणि देश वेडा झाला. त्या वर्षीचे विल्यम्सपोर्टचे विजेतेपद जपानच्या वाकायामा संघाने मिळवले होते, त्यामुळे ‘आपल्या आदिवासी पोरांनी जगज्जेत्यांना धूळ चारली’ अशी समजूत पसरली. ती खरी नव्हती. विल्यम्सपोर्टची स्पर्धा त्याच आठवड्यात संपली. पेनसिल्व्हेनियातले जगज्जेते लगोलग तैपेईच्या मैदानात कसे उतरतील? पाहुणा संघ जपानच्या कान्साई भागातल्या निवडक मुलांचा होता. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तरी कळले असते, पण आनंदाच्या भरात तारखा कोण पाहतो!

दुसरी गोष्ट याहून कडू. होंग्येची काही मुले वयाने मोठी होती आणि दुसऱ्याच मुलांच्या नावांवर खेळली होती. प्रकरण न्यायालयात गेले, शाळेच्या व संघाच्या जबाबदार मंडळींवर बनावट नोंदींचा दोष सिद्ध झाला. तोवर तैवानची गाडी पुढे निघालीही होती. १९६९ मध्ये ताईचुंगच्या नावाने गेलेल्या, प्रत्यक्षात देशभरातून निवडलेल्या संघाने विल्यम्सपोर्ट जिंकले. १९९६ पर्यंत तैवानने ते विजेतेपद सतरा वेळा पटकावले. मधे १९७५ साली एका वर्षापुरती परदेशी संघांना बंदीसुद्धा झाली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातून बाहेर पडावे लागलेल्या या बेटाला जगाने आपल्याकडे पाहावे म्हणून जी मोजकी साधने उरली होती, त्यात ही पोरे होती. लोक मध्यरात्री उठून दूरदर्शनसमोर बसत. होंग्येच्या मूळ खेळाडूंच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. बरेच जण मोलमजुरी करत राहिले आणि अकाली गेले.

वयाने दोन वर्षे मोठा असला तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. इथे थोडे गणित करावे लागते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा फलंदाजापासून १८.४४ मीटरवर उभा असतो. बारा वर्षांच्या गटात हे अंतर १४.०२ मीटर. चौदा वर्षांच्या दणकट मुलाने तिथून ताशी ११२ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, तर तो सुमारे ०.४५ सेकंदात पोचतो. मोठ्यांच्या अंतरावरून तेवढ्याच वेळात पोचायला ताशी १४७ किलोमीटरचा वेग लागेल, म्हणजे धंदेवाईक खेळाडूचा. समोरच्या बारा वर्षांच्या पोराला चेंडू दिसेपर्यंत तो मागच्याच्या हातमोज्यात गेलेला असतो. त्या वयात दोन वर्षांत आवाज फुटतो, उंची वीतभर वाढते. चाळिशीतली दोन वर्षे आणि बाराव्यातली दोन वर्षे यांचे माप एक नाही.

दुसरे कारण खांद्या-कोपराचे. वाढत्या हाडांची टोके कोवळी असतात आणि जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला फार ताण येतो. म्हणून लिटल लीगने २००७ पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५, तेरा ते सोळाच्याने ९५, आणि त्यानंतर ठरावीक दिवस विश्रांती. ही मोजदादही शेवटी वयावरच उभी आहे. वय खोटे तर तीही खोटी.

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॅनी अल्मॉन्टेने विल्यम्सपोर्टच्या एका सामन्यात समोरच्या एकाही खेळाडूला तळावर पोचू दिले नाही. मग डॉमिनिकन रिपब्लिकमधून त्याची दोन जन्मप्रमाणपत्रे बाहेर आली, एक ७ एप्रिल १९८७ चे, दुसरे ७ एप्रिल १९८९ चे. पहिले खरे ठरले; तो चौदा वर्षांचा होता. संघाचे सामने बाद झाले. लिटल लीगच्या अध्यक्षांनी दोष मुलाला दिला नाही, त्याला वापरून घेणाऱ्या मोठ्यांना दिला. मला हे योग्य वाटते.

आता आपल्याकडे पाहू. माझ्या पिढीतल्या, म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही गावकऱ्याचा शाळेचा दाखला काढा. १ जून, १ जुलै या तारखा जागोजागी दिसतील. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही १ जूनच आहे. घरात जन्मतारीख नाही, आई सांगते ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’. शाळा जूनमध्ये सुरू होणार आणि मुलाचे वय तर बसले पाहिजे, मग गुरुजींनी तारीख टाकली. यात लबाडी नव्हती, सोय होती. पाच वर्षांचा पोरगा शाळेत बसवायचा म्हणून मोठा झाला, आणि जनावरे राखण्यात दोन वर्षे गेलेला आठ वर्षांचा सहाचा झाला. पुढे नोकरीत शेवटची दोन वर्षे जास्त मिळतात म्हणून वय कमी लिहिलेलेच बरे, ही समजूतही मुरली. कोतवालाच्या जुन्या पंजीत पाहावे तर पुष्कळदा नावच नाही. बापाचे नाव आणि ‘मुलगा झाला’ एवढेच. नाव ठेवायच्या आधीच नोंद व्हायची, हे त्याचे साधे कारण. जातीचा पुरावा म्हणून आज हीच नक्कल कचेऱ्यांतून धुंडाळली जाते. दोन वर्षांच्या अंतराने दोन मुलगे झाले असतील, तर नोंद कोणाची हे कसे सांगणार?

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. प्रमाणपत्राला आता किंमत आली आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. केंद्राने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाची क्ष-किरण तपासणी करते. टॅनर-व्हाइटहाउस नावाच्या पद्धतीने हाडांची वाढ पाहून वय काढले जाते.

कागद खोटा बोलतो म्हणून हाडाला विचारायचे, हे ऐकायला बरे वाटते. पण हाड जन्मतारीख सांगत नाही, वाढ किती झाली ते सांगते. खाऊन-पिऊन सुखी घरातला लवकर वयात आलेला मुलगा खऱ्या वयापेक्षा मोठा दिसू शकतो आणि प्रामाणिक असूनही गटाबाहेर जातो. उलट, लहानपणी उपासमार झालेल्याची हाडे मागे राहतात. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात आहे. चिखलदरा-धारणीकडच्या कोरकू मुलाचे मनगट त्याला लहान ठरवील; त्याचा फायदा घ्यायला एखादा हुशार प्रशिक्षक टपलेला असू शकतो. डोंगरातली, आदिवासी, चपळ, कागद नसलेली पोरे. होंग्येत तरी दुसरे काय होते? माझे मत असे की मनगटाची तपासणी संशय घ्यायला ठीक, शिक्षा द्यायला नव्हे. शाळेचे पहिलीचे दाखलखारीज रजिस्टर, अंगणवाडीतली वजनाची नोंद आणि लसीकरणाचे कार्ड ही तिन्ही एकत्र पाहिली तर बहुतेक वेळा वर्षाचा तरी पत्ता लागतो. पाच-सहा वर्षांनी कोणती स्पर्धा खेळायची हे ठरवून कोणी बाळाला डोस पाजत नाही. म्हणून त्या कार्डावर माझा अधिक भरवसा आहे.

परदेशी स्पर्धेत शेवटी पारपत्र दाखवावे लागते आणि पारपत्रावरची तारीख शाळेच्या दाखल्यावरून येऊ शकते. म्हणजे गुरुजींचा १ जून थेट जागतिक मैदानापर्यंत जातो. २०२५ मध्ये हा नियम बदलला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आता जन्मप्रमाणपत्रच लागेल. ही मुले पंधरा वर्षांची व्हायला २०३८ उजाडेल. तोवर मैदानावर येणारी सगळी पोरे जुन्याच कागदांची आहेत, आणि पाड्यावर घरीच बाळंत झालेल्या बाईच्या मुलाची नोंद वर्ष उलटल्यावर करायची तर आजही आधी वरच्या कचेरीचा आदेश आणावा लागतो.